येळवसेला घोडीचा घास

येळवसेला, म्हणजे वेळा अमावस्येला, रानात जेवायला आलेल्याला उपाशी परत धाडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी ती घोडीलाही लावली. बैलांना उकडलेल्या बाजरीचा गोळा, उंडा, देतो तसा तिलाही दिला. तिनं तो ओठांनी अलगद उचलला, म्हणून दुसरा दिला. मग शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीचं पातेलं पुढं सरकवलं, वर तांब्याभर आंबील. बायको बांधापलीकडं पाहुण्यांना वाढत होती. मला वाटलं, आपल्या हातून पुण्य घडतंय.

घोडी माझ्या मेव्हण्याची, बायकोच्या अण्णाची. हैदराबादेत शर्यती पळून तिचा पाय दुखावला, तेव्हा त्यानं ती हुलसूरला आणली. मागच्या उन्हाळ्यात तो गेला. त्या घरात मागं कुणी उरलं नव्हतं, म्हणून ती आमच्या दावणीला आली. बायकोला माहेर म्हणून आता तेवढीच.

मेव्हणा तिला दिवसभर थोडं थोडं वाळलं गवत घालायचा. दाणा मूठभरच, आणि नवं काही द्यायचं तर चिमटी चिमटीनं वाढवत. बायको हे सगळं तसंच पाळायची. मी म्हणायचो, "एवढे लाड माझेबी कर की."

आम्ही पानावर बसलो, तोवर घोडी पुढच्या खुरानं माती उकरायला लागली.

"बघ, जागा झाडायलीय. ताट मांडा म्हणतीय," मी म्हणालो. पाहुणे हसले.

मग घोडीनं मान वळवून स्वतःच्या कुशीकडं पाहिलं. पुन्हा पाहिलं. बायकोनं हातातला घास खाली ठेवला, जाऊन तिच्या पोटाला कान लावला आणि तिथूनच विचारलं, "काय घातलाव हिला?"

मी सांगितलं. तिनं माझ्याकडं न बघता घोडीचं दावं सोडलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शेजारच्या रानातले अप्पा बैलाला पाजतात तशी बांबूची नळी भरून तेल घेऊन आले. बायको घोडीच्या तोंडापुढं उभी राहिली. "न्हाई अप्पा. घोड्याला उलटी होत न्हाई. आत गेलेलं वर येत न्हाई, अण्णा सांगायचा."

हुलसूरच्या, जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, काही पाजू नका, लोळू देऊ नका, हळूहळू चालवा. घोडीचे गुडघे सारखे वाकत होते. एका बाजूनं बायको, दुसऱ्या बाजूनं मी, असे आम्ही हरभऱ्याच्या कडेनं फेऱ्या मारत राहिलो. माझं पोट माझ्या पुढं चालत होतं, धाप लागली होती. एरवी याच पाहुण्यांनी मला सोडलं नसतं. आज कुणी हसलं नाही.

बाईंनी येऊन सुई दिली, नाकातून नळी पोटात उतरवली. बादलीत जे पाणी आलं त्याला आंबट वास होता. आमचीच आंबील. मग दोन्ही कुशींना कानातली नळी लावून त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. "आतडं गप्प आहे. लीद पडेपर्यंत काही सांगता येत नाही."

पाहुणे एकेक करून निघाले. मी जन्मात नोकरीची वाट पाहिली, पोरांच्या निकालाची पाहिली. लिदेची अशी पाहीन असं वाटलं नव्हतं. बायको घोडीच्या मानेवर हात ठेवून उभी होती, आणि मी कुठं उभं राहावं ते मला कळत नव्हतं.

ऊन ज्वारीच्या शेंड्यावर आलं तेव्हा घोडीनं शेपूट उचललं. थोडीशीच लीद पडली. बायको खाली बसली, एक गोळा हातात घेतला आणि तसाच धरून राहिली. बाईंनी पुन्हा कुशीला नळी लावली आणि मान हलवली. "बोलायला लागलं. उद्यापर्यंत खायला काही नाही. पाणी तेवढं थोडं थोडं."

त्या गेल्या. कडब्याच्या कोपीत, पांडव म्हणून पुजलेल्या पाच दगडांपुढं आमची अर्धी सोडलेली पानं तशीच होती. पाणी पिऊन यावं म्हणून मी आत गेलो आणि माझी नजर उंड्यांच्या टोपलीवर गेली. बायको दारात उभी होती, तिनं ते पाहिलं.

"अण्णा असता तर हिनं तोंड लावल्याबिगर जेवला नसता," ती म्हणाली. "तुम्ही जेवा."