बदलीमामा आणि भाच्याचा गुडघा

बस डेपोच्या ड्यूटी-खोलीत जाळीच्या खिडकीमागे जो माणूस बसतो, त्याचं खरं नाव पगारपत्रकावर असेल. डेपोत सगळे त्याला बदलीमामा म्हणतात. एखादा चालक सकाळी फोन करून ‘आज जमत नाही’ म्हणाला की त्याच्या जागी दुसरा लावायचा, हे त्याचं काम. भिंतीवर लाकडी फळा, फळ्यावर खिळे, खिळ्यांना चालकांच्या क्रमांकाचे पत्र्याचे बिल्ले. एक बिल्ला काढायचा, दुसरा अडकवायचा आणि गाडी फाटकाबाहेर पडली की चहाचा पहिला घोट घ्यायचा. या कामात दयामाया आणली तर गाड्या जागच्या जागी उभ्या राहतात, असं तो म्हणे, आणि त्यात खोटं काही नाही.

इतकी वर्षं लोकांची दुखणी ऐकून त्याचा कान तयार झाला होता. ज्याचं काहीच दुखत नाही तो दुखण्याचं वर्णन करतो: कळ कुठून निघते, कुठे जाते, रात्री कशी झोप नाही, बायकोने काय काय लावलं. ज्याचं खरंच दुखतं तो नुसतं ‘थोडंसं’ म्हणतो आणि खिडकीच्या जाळीला धरून उभा राहतो. पहिल्याला मामा गाडीवर पाठवी, दुसऱ्याला घरी. यात तो सहसा चुकत नसे, आणि हे चालकांना माहीत असल्यामुळे त्याच्यावर फारसं प्रेमही कोणाचं नव्हतं.

डेपोत काही हंगामांपासून फँटसी फुटबॉलची साथ आली होती. खेळ मोबाइलवरचा. खऱ्या लीगमधले खेळाडू निवडून प्रत्येकाने आपला अकरा जणांचा संघ करायचा. खऱ्या सामन्यात त्यांनी गोल केले, गोल अडवले, की आपल्याला गुण. सामन्यांच्या तासभर आधी दार बंद होतं. मग बदल नाही, आणि कोणी कोणाला घेतलं, कोणाला काढलं, हे सगळ्यांना उघड दिसतं. गोल कोण करेल हे देवालाही ठाऊक नसतं, तेव्हा शहाणपण दाखवायची जागा एकच: दुखापत. कोणाचा पाय मुरगळला, कोणाचा स्नायू ओढला, तो उतरणार की नाही, आणि उतरला तरी किती वेळ टिकणार.

तिथे माणसाचा स्वभाव उघडा पडतो. वर्कशॉपमधला फिटर भोळा. खेळाडूच्या नावापुढे लाल खूण आली तरी तो म्हणे, “खेळेल हो, वाघ आहे तो!” वाघ गळ्यात मफलर घालून प्रेक्षकांत बसे आणि फिटरला शून्य मिळे. गेल्या वर्षापासून मात्र तो सुधारला होता. चष्मेवाला कंडक्टर त्याच्या उलट. कोणी सरावात शिंकला असं कुठे वाचलं की त्याला काढून टाकायचा, आणि तो शिंकरा दुसऱ्या दिवशी दोन गोल करून चष्मेवाल्याला खिजवायचा. मामा या दोघांच्या मधला. बातमी काय आहे यापेक्षा ती कोण देतंय हे तो बघे. प्रशिक्षक आपण होऊन ‘अगदी तंदुरुस्त आहे’ म्हणाला की मामा सावध होई. मांडीचा स्नायू ओढलेला खेळाडू परत आला तरी पहिल्या एक-दोन सामन्यांत त्याला घ्यायचं नाही. दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं, हे त्याने खिडकीतून पाहिलेलं होतं. दार बंद झालं की डेपोतली निम्मी माणसं आधी मामाचा संघ उघडून बघत, आपलं काय चुकलं ते कळायला.

एका खेळाडूच्या बाबतीत मात्र मामाचे सगळे नियम गुंडाळून ठेवलेले असत. तो त्याचा सख्खा भाचा, थोरल्या बहिणीचा मुलगा. घरात त्याला डावऱ्या म्हणत. गावच्याच क्लबकडून डाव्या बाजूने खेळायचा. चपळ होता, पण बाकावरही बराच बसायचा. तो बसला काय, उठला काय, मामाच्या संघात त्याची जागा पक्की. “आम्हाला बदली आणि भाच्याला कायम नोकरी!” असं चालक म्हणत. आपला तो बाब्या, हेही ऐकवत. मामा हसायचा आणि त्याला ठेवायचा.

यंदाच्या हंगामात शेवटची एक फेरी उरली होती. डेपोच्या तक्त्यात मामा पहिला आणि फिटर त्याच्या अगदी टाचेला टाच लावून. मागचे दोन हंगाम मामा दुसरा आला होता, आणि दुसरा येणं हे त्याला शेवटून पहिलं येण्यापेक्षा झोंबायचं. तिकडे डावऱ्याचाही क्लबशी करार हंगामासोबत संपत होता. शेवटचा सामना नीट खेळला तर नवा करार, तोही तीन वर्षांचा, असं प्रशिक्षकांनी त्याला सांगितलं होतं.

सामन्याच्या दोन दिवस आधी मामा बहिणीकडे मिक्सर दुरुस्त करून पोचवायला गेला. जिन्यातच भाचा भेटला. तो खाली उतरत होता, पण तिरका, कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत.

“काय रे, गुडघा?” मामाने विचारलं.

“थोडंसं,” भाचा म्हणाला.

मामाला पुढे काही विचारायची गरज उरली नाही.

“मामा, हे तुझ्यापाशीच ठेव,” भाचा हळू आवाजात म्हणाला. “आईला फक्त मुरगळलाय म्हणून सांगितलंय. सरांना सुगावा लागला तर बाकावर बसवतील, आणि बाकावरच्याशी कोण करार करतं? एक सामना कसाबसा काढतो, मग सुट्टीभर झोपूनच राहणार आहे.”

“माझ्या तोंडून अवाक्षर निघणार नाही,” मामा म्हणाला. आणि खरोखर निघालं नाही. बायकोने ‘आज गप्प गप्प का?’ म्हणून दोनदा टोकलं, तरी त्याने ताकास तूर लागू दिली नाही.

सामन्याच्या दिवशी पहाटे क्लबच्या गाडीचा नेहमीचा चालक पोट बिघडल्याचं साग्रसंगीत वर्णन करून घरी बसला. परगावच्या सामन्यांना क्लब डेपोचीच बस भाड्याने घ्यायचा. मामाचा विश्वास बसला नव्हता, पण पोटाच्या तक्रारीवर वाद घालता येत नाही. त्याने बिल्ला काढला आणि लांबड्याचा अडकवला. लांबड्या चालक उत्तम. त्याच्या गाडीचे ब्रेक कधी चुकले नाहीत. जिभेला मात्र ब्रेकच बसवलेला नव्हता.

दुपारी जेवणाआधी मामा घरी मोबाइल घेऊन बसला. डावऱ्याच्या नावापुढे ना पिवळी खूण, ना लाल. जगाच्या लेखी तो ठणठणीत होता. मामाने हिशोब मांडला तो असा: हा उतरेल, अर्धा वेळ लंगडेल, बाहेर येईल, हाती एखादा गुण. फिटरचे अकराच्या अकरा धडधाकट. आणि आपल्या राखीव यादीत एक तगडा बचावपटू नुसता बसून. त्याच्या अंगठ्याने भाच्याचं नाव खाली ओढलं आणि बचावपटूचं वर सरकवलं. भाच्याच्या गुडघ्याचा विचार त्याच्या मनात आला नाही. दिलेल्या शब्दाचाही नाही. शब्द तोंडाचा होता आणि तोंड तर बंदच होतं. फळ्यावरचा बिल्ला काढताना जे वाटतं तेवढंच त्याला वाटलं, म्हणजे काहीच नाही. मग तो जेवायला बसला आणि पोटभर जेवला.

परगावच्या मैदानाबाहेर लांबड्या बसला टेकून उभा होता. दार बंद व्हायची वेळ झाली तसा त्याने रिवाजाप्रमाणे मामाचा संघ उघडला आणि डोळे विस्फारले. तेवढ्यात प्रशिक्षक डिकीतून चेंडूंची जाळी काढायला आले.

“साहेब, डावऱ्या आज नाही का?” लांबड्याने विचारलं.

“नाही कसा? खेळतोय की.”

“मग आमच्या मामाने कसा काय काढला? सख्खा मामा आहे हो त्याचा! अख्खा महिना बाकावर होता तेव्हासुद्धा काढला नव्हता.”

प्रशिक्षक जाळी तिथेच ठेवून आत गेले आणि त्यांनी डावऱ्याला बाजूला घेतलं. एका पायावर उभा राहा, खाली बस, ऊठ. तो उठला. आता दुसऱ्या पायावर. तो बसला, आणि गवतावर हात टेकल्याशिवाय त्याला उठता येईना. संघ जाहीर झाला तेव्हा त्यात त्याचं नाव नव्हतं.

मामाने ते मोबाइलवर पाहिलं. पहिल्यांदा त्याला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. आपला अंदाज अचूक! एवढ्यात लांबड्याचा फोन आला. “मामा, मानलं तुम्हाला! मी नुसतं सहज बोललो, साहेबांनी लगेच तपासणी घेतली, आणि निघालं की हो दुखणं!” लांबड्या आणखी बरंच बोलत होता. मामाने फोन कानाला लावून ठेवला होता, पण ऐकत नव्हता.

संध्याकाळी त्या बचावपटूने कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूला डोकं लावून गोल केला आणि मामा हंगाम जिंकला. वेल्डरने जुन्या बेअरिंगचा करंडक करून ठेवला होता. मामाने तो ड्यूटी-खोलीतल्या कपाटावर ठेवला आणि घरी नेला नाही. भाच्याकडून सगळं कळल्यावर बहिणीचा फोन आला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. “त्याने तुला विश्वासाने सांगितलं होतं ना रे?” एवढंच म्हणून तिने फोन ठेवला. क्लबने डावऱ्याला ‘बरा झालास की ये, मग बघू’ असं सांगितलं. नोकरीत मुरलेल्या माणसाला या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

पुढच्या आठवड्यात तपासणीचा अहवाल आला आणि सगळं फिरलं. गुडघ्याच्या आतला दोर, लिगामेंट म्हणतात तो, अर्धा फाटलेला होता. “त्या सामन्यात उतरला असता तर उरलेलाही गेला असता,” डॉक्टर म्हणाले. “मग फुटबॉल सोडा, जिना चढायची पंचाईत झाली असती.” बहीण दवाखान्यातून थेट भावाच्या घरी आली आणि दारातच रडली. तिने मनाशी सगळी जुळणी केली होती: भावाने दुखणं ओळखलं, शब्द दिल्यामुळे बोलता येईना, पोर मोडताना बघवेना, म्हणून बिचाऱ्याने ही युक्ती काढली. वर जिंकायची फेरी असताना!

ही गोष्ट तिने शेजारपाजारी सांगितली, नात्यात सांगितली, आणि सांगता सांगता तिला ती पाठ झाली. मामाची बायको नवऱ्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहू लागली. चहात दूध वाढलं. डेपोतही ती गोष्ट पोचली आणि ज्यांनी त्याला कधी धड नमस्कार केला नव्हता ते चालक ‘माणूस आतून मऊ आहे’ असं म्हणू लागले. मामाने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. फुकटची वाहवा कोणाला नको असते? पण ती त्याला पचत नव्हती. बहिणीकडे जायचं तो काही ना काही कारण काढून टाळत राहिला. लाज वाटत होती त्याला, दुसरं काही नाही.

शस्त्रक्रिया झाल्यावर बहिणीने त्याला बळेच जेवायला बोलावलं. भाचा पाय खुर्चीवर लांब करून बसला होता, कुबडी भिंतीला टेकवलेली. जेवताना बहीण म्हणाली, “मामाचे उपकार विसरू नकोस हो. पाय शाबूत आहे तो त्याच्यामुळे.” भाच्याने मान हलवली आणि भाताला हात घातला. जेवणं झाली, ती भांडी घेऊन आत गेली, नळाचा आवाज सुरू झाला. तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, एक विचारू? पायासाठी काढलंस, की गुणांसाठी?”

उत्तर तयार होतं. बहिणीने ते घासूनपुसून त्याच्या हातात दिलेलं होतं. नुसतं पुढे करायचं की तिघांचंही भलं. मामाने एकदा घसा साफ केला. भाच्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर पोराला हवं होतं तेच उत्तर, हे स्पष्ट दिसत होतं. आणि आयुष्यभर जाळीच्या खिडकीतून लोकांची सोंगं ऐकलेल्या त्या माणसाला स्वतःचं एक सोंग काही जमेना.

“गुणांसाठी,” तो म्हणाला. “पाय तेव्हा माझ्या मनातसुद्धा आला नाही.”

भाच्याने पट्टी बांधलेला पाय खुर्चीवर जरा सरकवून घेतला. आत भांडी वाजत होती आणि त्याची आई कसलंसं गाणं गुणगुणत होती. कित्येक दिवसांत ती गुणगुणली नव्हती.

“आईला तिचंच खरं वाटू दे,” तो म्हणाला. “तिला एकच भाऊ आहे.”