कोस्मासचं अमेरिकन खेचर

स्टाथिस खोगीरवाल्याच्या पोटात दुखायला लागलं ते चर्चच्या अंगणात, चिठ्ठी निघाली त्या क्षणी. बोटीनं आलेली अमेरिकन खेचरं गावोगाव वाटत होते आणि आमच्या डोंगरातल्या गावाच्या वाट्याला आलं होतं एकच. पाद्रीबाबांनी टोपीत हात घातला, नाव निघालं कोस्मासचं. कोस्मासचं! ज्याला धड कोंबड्या सांभाळता येत नाहीत, त्याचं! तोही भिंतीला भिंत लागून राहणारा. म्हणजे ते धूड आता रोज डोळ्यांसमोर.

आणि धूड तरी केवढं! आमची खेचरं त्याच्यापुढे शेळ्या वाटत.

"फुकट कोण देतं हो?" स्टाथिस कॉफीच्या दुकानात फणफणला.

"रशियाच्या धास्तीनं देतायत," मास्तर म्हणाले. "डोंगरात लाल बंडखोर बसलेत. इंग्रजांचा पैसा संपला, त्यांनी अंग काढून घेतलं. आपण उपाशी राहिलो तर रशियाच्या पदरात पडू, म्हणून अमेरिका पैसा देतेय, बंदुका देतेय, खेचरं देतेय. महायुद्धात दोघं एका बाजूनं लढले. आता एकाला काही मिळालं की दुसऱ्याला झोप येत नाही."

स्टाथिसला ते लगेच पटलं. दुसऱ्याकडे गेलेलं बघवत नाही, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आठवडाभरात कोस्मास दारात हजर. "स्टाथिसदादा, जुनं खोगीर याला बसतच नाही रे. याच्या मापाचं एक कर ना. तुझ्यासारखा हात अख्ख्या डोंगरात नाही."

हे मात्र खरं होतं. स्टाथिसचं स्वतःचं करडं खेचर, ग्रिवा, इतकी वर्षं जंगलातून लाकूड वाहत होतं, पण पाठीवरचा एक केस जागचा हलला नव्हता. असा हा कारागीर. त्यानं कोस्मासला खोगीर केलंही देखणं. लाकूड घासून गुळगुळीत, वर लाल गोंडे. फक्त आतली एक फळी बोटभर तिरकी बसवली, आणि खांद्याच्या हाडावर गवत भरलं ते अगदी पातळ.

पंधरवड्यात अमेरिकन पाठ सोलून निघाली. कोस्मास रडकुंडीला आला, जखमेवर व्हिनेगर ओतत बसला.

"अहो, जरा बघा की ते खोगीर," स्टाथिसची बायको वासिलो म्हणाली.

"त्याला बांधता येत नाही, त्याला मी काय करू?" असं म्हणून स्टाथिस जेवायला बसला. बऱ्याच दिवसांनी त्याला अन्न गोड लागलं.

मग सैन्य आलं. कड्यावरच्या बंडखोरांवर हल्ला करायचा होता. तिथवर ट्रक जात नाही, तोफगोळे वाहायला खेचरं हवी होती. घरोघरची जनावरं चर्चच्या अंगणात उभी केली. हवालदारानं अमेरिकन खेचर बघितलं आणि त्याची कळी खुलली. खोगीर उचललं तर खाली चिघळलेली जखम, त्यानं आपलं नाक दाबलं. "शी! हे काय कामाचं? हाकला याला!"

पुढे ग्रिवा. हवालदारानं त्याच्या पाठीवरून तळवा फिरवला. "वा! हे खोगीर कुणी केलं?"

आणि हा शहाणा छाती काढून म्हणतो, "मी!"

"खोगिरासकट घ्या रे याला."

त्या कड्यावरून गावचं एकही जनावर परत आलं नाही.

बातमी आली त्या संध्याकाळी कोस्मास बाटली घेऊन आला आणि स्टाथिसच्या गळ्यातच पडला. "माझ्या डोक्यात आज उजेड पडला रे! एवढा मोठा कारागीर, त्याच्या खोगिरानं पाठ सोलतेच कशी? सैन्य येणार हे तू आधीच ओळखलंस. माझं खेचर वाचावं म्हणून मुद्दाम तसं केलंस! आणि मी गाढव, घरात बसून तुला शिव्या घालत होतो."

स्टाथिसनं बाटली तोंडाला लावली.

कोस्मासनं डोळे पुसले, मग जरा विचारात पडला. "पण दादा, एक सांग. ग्रिवाचं खोगीर का नाही रे तसं केलंस?"

चुलीपाशी वासिलोचा हात थांबला. ती वळून नवऱ्याकडे बघत राहिली.

भिंतीपलीकडे ते धूड कराकरा चारा चावत होतं. अलीकडच्या गोठ्यात कसलाच आवाज नव्हता.