वामनभाऊंचा आवाज मी कसा बंद केला

हसायचं नाही, असं आधी कबूल करा, मगच सांगतो. हसाल तुम्ही, मला ठाऊक आहे, पण निदान चहा संपेपर्यंत तरी थांबा! मी माझ्या हातानं केलेला हा गाढवपणा आठवला की अजून कान गरम होतात.

तळेगावच्या आमच्या गायन पार्टीत वामनभाऊ गिटार वाजवतात. वय सत्तरीच्या पुढे, आणि मी त्यांचाच चेला. भाऊंचा ॲम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी, जुन्या रेडिओसारखे आत दिवे पेटणारी लाकडी पेटी. एक तार छेडली तरी पोटात ऊब यावी असा आवाज! पण वजन? उचलायला दोन माणसं लागायची आणि तिसरा शिव्या द्यायला.

भाऊंच्या बोटांना आता संधिवात. त्यांनी ठरवलं, आंदर मावळातल्या आपल्या गावी, विहाराच्या वर्धापनदिनाला एकदा वाजवायचं आणि मग गिटार कायमची खाली ठेवायची.

"सिद्धू, माज्या गावच्या मानसांनी ह्यो आवाज एकदा ऐकावा, बग," भाऊ म्हणाले.

आता गावाकडच्या त्या खड्ड्यांच्या रस्त्यानं ती पेटी नेली असती तर आतले दिवे वाटेतच फुटले असते. पण मी होतो ना! माझ्याकडे घरच्यांशी भांडून घेतलेलं कोरं डिजिटल यंत्र होतं. ते काय करतं माहितीये? ॲम्पला चित्रविचित्र आवाज ऐकवतं, समोर ठेवलेल्या माइकमधून त्याची उत्तरं ऐकतं आणि त्याचा सगळा स्वभाव पाठ करून टाकतं. मग खरा ॲम्प घरी राहिला तरी चालतो.

घोरावाडीला आमच्या घरी हा उद्योग पार पडला. कूंऽऽ, टर्रर्र, फुस्स! शेजारच्या काकू दारात येऊन विचारून गेल्या, "मिक्सर बिघडला का रे?"

पण आवाज काय उतरला म्हणता! भाऊंनी डोळे मिटून ऐकलं. "आरं, ह्यो तर माजाच ॲम्प!" झालं, आम्ही हवेत. मी कंपनीत क्वालिटी चेकिंगला आहे, हे चारचौघांत सांगायची मला सवय आहेच. त्या आठवड्यात ते जरा जास्तच सांगितलं.

कार्यक्रम दुपारचा. विहारासमोर मांडव, आणि साउंड गावच्याच दत्ताभाऊंचं. शेती सांभाळून स्पीकर लावणारा माणूस, बोलणं कमी. यंत्र जोडलं आणि गुंईंऽऽ! विजेची घरघर. मी म्हटलं, थांबा, आपल्याकडे औषध आहे. या यंत्रावर एक बटण असतं, ते बारीकसारीक आवाजाला दारातच अडवतं. मी पिळलं. घरघर थोडी राहिली. आणखी पिळलं. शेवटी चिडीचूप! मग गिटार घेऊन दणादण वाजवून पाहिली. खणखणीत!

"दादा, भाऊंना एकदा वाजवू द्या की," दत्ताभाऊ म्हणाले. "हात त्येंचा हाय."

"अहो, मी चेक केलंय ना? जेवू द्या त्यांना निवांत."

"बगा बुवा."

कमलमावशी, म्हणजे आमच्या मुख्य गायिका, त्यांनी भाऊंचं नाव पुकारलं. टाळ्या! गाण्याची सुरुवात एकट्या गिटारची, संथ. पांढराशुभ्र सदरा घातलेले भाऊ खुर्चीत बसले, त्यांची बोटं तारांवर फिरली आणि... काही नाही. मधूनच 'टक'. पुन्हा काही नाही. भाऊ स्वतःच्या बोटांकडे बघायला लागले.

"दत्ताभाऊ, आवाज कुठंय?" मी खालून ओरडलो.

"तुमच्याकडनंच काय येत न्हाई!"

"तुम्ही बंद ठेवलंय!"

"आवो, सगळं उगडं हाय हितं."

"हे गायन आहे, लग्नाचा डीजे नव्हे!" हे वाक्य मी मंचाच्या कडेच्या चालू माइकशेजारी उभा राहून बोललो. त्यांच्याच गावात, त्यांच्या सगळ्या भावकीसमोर.

तेवढ्यावर थांबावं की नाही? छे! मी मंचावर चढलो, भाऊंच्या मांडीवरची गिटार घेतली आणि ठोकली. ढाँऽऽण! पहिल्या रांगेतलं पोर रडायला लागलं. "येतोय की आवाज! भाऊ, जरा जोर लावा."

संधिवात झालेल्या माणसाला. त्याच्या गावासमोर. मी म्हणालो, जोर लावा.

भाऊंनी ओठ आवळून पुन्हा तार छेडली. टक. मग त्यांनी गिटार हळूच माझ्या हातात दिली. "यंत्राचं काय चुकलं न्हाई, सिद्धू. माजीच बोटं गेली. तू वाजीव." समोर बसलेल्या काकूंनी, भाऊंच्या बायकोनं, पदर तोंडाला लावला.

आणि तुम्हाला वाटेल, तेव्हा तरी माझी ट्यूब पेटली असेल. नाही हो! मी चक्क भाऊंच्या खुर्चीत बसलो. खोटं कशाला बोलू, मनातून थोडा खूशही झालो. याची लाज मला सगळ्यात जास्त वाटते.

दत्ताभाऊ मात्र मंचावर आले, यंत्रापुढे उकिडवे बसले. "ह्या बटनाचा कान कुणी पिळलाय एवडा?" म्हणत त्यांनी ते उलटं फिरवलं. गुंईंऽऽ परत आली. "भाऊ, आता वाजवा."

भाऊ तयार होईनात. कमलमावशी म्हणाल्या, "भाऊ, घरघर राहू दे. तुम्ही वाजवा."

मी खुर्ची सोडली, भाऊंनी गिटार परत घेतली आणि तार नुसती हळुवार दाबून सोडली. आणि मांडवभर तो आवाज पसरला! त्यांच्या बोटांत होता तेवढाच, हळू आणि उबदार. मी जोरकस हातानं तपासलेल्या त्या बटणानं भाऊंचा प्रत्येक सूर घरघर समजून दारातच अडवला होता! काकूंनी मान वर केली. गाणं संपलं तेव्हा गाव उभं राहून टाळ्या वाजवत होतं आणि मी चपलांकडे बघत होतो.

आधी दत्ताभाऊंची माफी मागितली. ते "ऱ्हाऊ द्या वो" एवढंच म्हणाले. मग भाऊंच्या पाया पडलो. "भाऊ, चुकलं."

भाऊंनी मला उठवलं आणि माइक हातात घेतला. "पोराचा हात लय दणकट हाय. गिटार मीच वाजवीन अजून काय दिस. ह्याला खंजिरी द्या, तिला बटनं नसत्यात!"

गाव जे हसलं, ते अजून माझ्या कानात आहे. तेव्हापासून मी पार्टीत खंजिरी वाजवतो. मागच्या कार्यक्रमात मन लावून वाजवत होतो, तर गाता गाता कमलमावशी मागे वळल्या आणि म्हणाल्या, "सिद्धू, हळू! भाऊंची गिटार ऐकू येत नाहीये."