चिटबॉयनं लावलेला विमानाचा प्रोग्राम

"नंबरानं घ्या सर, मधी कुनी घुसायचं न्हाई." एवढं म्हणून शर्टाच्या खिशातला चार घड्यांचा कागद काढायचा आणि तळहाताने टेबलावर सपाट करायचा, ही त्यांची बोलायची सुरुवात. चहा सांगू की सरबत, विचारलं तरी कागद आधी.

ते साखर कारखान्याचे चिटबॉय. उसाशी संबंध नसलेल्यांसाठी सांगतो: कुणाच्या उसाची लागण कधीची याची नोंद ठेवायची आणि त्या क्रमाने तोडणीचा प्रोग्राम लावून चिठ्ठी द्यायची, हे चिटबॉयचं काम. वय पन्नास, मिशा पांढऱ्या, तरी हुद्द्यातला 'बॉय' काही सुटला नाही. आता तुम्हीच सांगा, सरपंचाचा ऊस रांगेत थांबवणारा चिटबॉय तुमच्याकडे आहे? आमच्या काष्टीच्या पट्ट्यात होता. वर सरपंचालाच समजावलं, "लागण मागनं, तोड पुढनं, असं कसं जमंल?"

मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. त्यांची दीपाली माझ्याच वर्गात होती. बारावीचा निकाल लागला, तसे ते आले, कागद सपाट केला. कोरा होता.

"पोरीला पायलट व्हायचंय. प्रवासी विमानावर. प्रोग्राम लावून द्या."

मी हसलो. खोटं कशाला बोलू? पण मग दोन रविवार इंटरनेटपुढे बसून वाट शोधली. सरकारी पेपर: दिशाशास्त्र, हवामान, नियम, यंत्र. डॉक्टरी तपासणी. मग फ्लाइंग स्कूल, दोनशे तासांचं उड्डाण, लायसन. शेवटी मोठ्या विमानाचं ट्रेनिंग. त्यांनी सगळं उतरवून घेतलं आणि नंबर टाकायला लागले.

"तपासणी आधी करा असं सगळे सांगतात," मी म्हणालो.

"पेपर घरी बसून व्हत्यात सर. तपासनीला पुन्याला जावं लागनार. स्कूलचं बघाया जाऊ तवाच करू की, येका खेपंत दोन कामं. आन पोरगी कधी सर्दीनं झोपली न्हाई. तिचं काय तपासायचं?"

मी मान डोलावली. भौतिकशास्त्राचा मास्तर मी, माहीत असून मान डोलावली. त्या मानेचा मला आजही राग येतो.

पुढची अडीच वर्षं दीपाली शिकली आणि तिच्याबरोबर तेही. बांधावर उभे राहून आभाळाकडे बोट करायचे, "ह्ये क्युम्युलोनिंबस हाय, गडगडाटी पावसाचा ढग. आज गाडी भरू नगा." शेतकरी म्हणायचे, "ढगाचं ऱ्हाऊ द्या चिटबॉय, तोड कवा?" एकदा फटफटीवर मला मागे बसवून विचारलं, "वारं डावीकडनं आलं तर विमानाचं नाक कुटं धरायचं?" मी विचार करेपर्यंत स्वतःच उत्तर दिलं, "डावीकडं! तुमी नापास."

शेवटचा पेपर सुटला, तेव्हा त्यांनी आठवडे बाजारात पेढे वाटले. नोंदवही उघडून, लागणीच्या क्रमाने. शेवटच्या माणसाला पेढाच उरला नाही, त्याला म्हणाले, "तुजी तोड उंद्या."

मग पुणे. "तुमी संगं चला, डॉक्टर इंग्रजीत बोलला तर?" म्हणून मी गेलो. डॉक्टरांनी दीपालीपुढे रंगीत ठिपक्यांची चित्रं धरली. पहिल्यात बारा. बरोबर. पुढच्या चित्रात तिच्या मागे उभ्या असलेल्या मला चौऱ्याहत्तर दिसले. दीपाली म्हणाली, "एकवीस."

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. चिटबॉय खुर्चीवरून पुढे वाकले. "एकवीसच हाय की! बराबर सांगती पोरगी."

डॉक्टरांनी पान उलटलं, पुन्हा उलटलं. बाप-लेक एकाच सुरात तेच तेच चूक सांगत होते. चूक आहे, हे त्या दोघांना दिसतच नव्हतं.

दीपालीला अंधाऱ्या खोलीत लाल-हिरवे दिवे ओळखायला नेलं. तिथेही तेच झालं.

"प्रवासी विमान हिला चालवता येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

"मंग परत कवा येऊ?"

"हे जन्माचं असतं. औषध नाही, ऑपरेशन नाही."

त्यांनी खिशातला कागद काढला, पण सपाट केला नाही. दीपाली बाहेर बाकावर बसली होती. डॉक्टरांनी हळू आवाजात आम्हा दोघांना समजावलं, की हा रंगांधळेपणाचा दोष मुलीत सहसा दिसत नाही. बापाचे डोळे तसे असावे लागतात आणि आईकडूनही यावा लागतो. "लग्न नात्यातलं का?"

"मामाचीच पोरगी केलीया. हक्काची." हे सांगताना त्यांनी कागद तसाच परत खिशात घातला.

स्वारगेटला दीपाली पाण्याची बाटली आणायला गेली, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "सर, घरी निम्मंच सांगायचं. माज्याकडनं आलं, येवढंच. हिच्या आईचं नाव काडायचं न्हाई. ती झुरून मरंल. शपत हाय तुमाला."

मी शपथ घेतली. दुसरं काय करणार होतो? दीपाली हुशार आहे, तिने पुढे वाचून शोधलंच असणार. तीही कधी बोललेली नाही.

त्यानंतर त्यांनी कारखान्याच्या जामखेडकडच्या गटात बदली मागून घेतली. आता ते खर्ड्याला खोली घेऊन राहतात. आमच्याकडे नवा चिटबॉय आहे, मोबाईलवर चिठ्ठ्या पाठवतो. सरपंचाचा ऊस पहिला जातो.

परवा बाजारात दीपालीची आई भेटली. हातातल्या मेथीच्या जुड्या तशाच ठेवून बोलत राहिली. "पोरगी पुन्याला पायलटच्या क्लासात शिकीवती, सर. तिनं शिकवल्याली पोरं उडाया लागली. ह्ये मातर घरी येत न्हाईत. आले तरी पोरीच्या म्होरं मान खाली. मी बी त्वांडावर म्हनले, तुमच्या डोळ्यांनी माज्या लेकराचं वाटुळं केलं. नुसतं 'व्हय' म्हनले." डोळ्याला पदर लावून तिने माझ्याकडे पाहिलं. "तुमी तर मास्तर हाय. त्यांच्याकडनंच आलं ना हे? खरं सांगा."

मी म्हणालो, "हो. त्यांच्याकडूनच."