आठ दिवस मी तिला बाहेर बसवलं

"उलट्या खोपडीची जात! अक्षरंसुद्धा डोक्यावर उभी करते."

पंतोजी साहेबापुढं असं म्हणाले आणि सगळी शाळा हसली. मीही हसलो. त्याची लाज अजून जात नाही.

अमरावतीची शाळा. ती तपासायला साहेब आलेला. मी महाराचा, म्हणून माझी जागा उंबऱ्याबाहेर. पंतोजी आत बसून पाटीवर धूळ पसरायचे, बोटानं अक्षर काढायचे. बाकीची पोरं त्यांच्या बाजूनं बघायची, मी समोरून. दिसायचं तसं माझ्या धुळीत गिरवायचो. पोरांचा हात धरून ते गिरवून घ्यायचे. माझा कोण धरणार? विटाळ झाला असता ना! साहेबानं लिही म्हटलं तेव्हा मी अख्खी बाराखडी उलटी लिहिली, तीही मोठ्या ऐटीत.

बाप कापसाच्या वखारीत गठ्ठे वाहायचा. कापसाला तेव्हा अशी तेजी, की गाड्या रस्त्यात मावत नव्हत्या. घरी येऊन त्यानं सगळं ऐकलं. "मंग लिहिलं का पाटी फिरवून घे ना बाप्पा. रडून काहून राह्यला?"

फिरवून घेतली. रखडत शिकलो. अकोल्याला महारवाड्यातल्या शाळेवर मास्तर झालो.

एक दिवस गठ्ठ्यांचे दोर वळणारा मांग आपली पोर घेऊन आला. आमच्या वाड्यातला आबा, सगळ्यांत वडीलधारा, तिथंच होता. म्हणाला, "मास्तर, मांगाची पोट्टी आमच्या पोराईच्या मांडीले मांडी लावून बसन काय?"

आणि मी काय केलं? "दाराबाहीर बस, बाई," म्हणालो. माझ्याच तोंडानं.

ती गुमान बसली. समोरून बघून गिरवू लागली. तिच्या धुळीत काय उमटत असेल ते मला ठाऊक होतं, तरी गप्प राहिलो. नोकरीची भीती होती. पण खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं. आपल्याही खाली कोणीतरी आहे म्हणून.

आठव्या दिवशी तिचा बाप आला. लांबूनच हात जोडले. "लय उपकार झाले, मास्तर. दारापर्यंत तरी येऊ देल्लं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तिला आत घेतलं, माझ्या शेजारी बसवलं. आबा आपल्या नातवांना उठवून घेऊन गेला. पाठोपाठ बाकीची पोरंही गेली. जाताना आबा ओरडला, "शाळा ओस पडन तुमची!"

"पडू द्या, आबा."

ते आठ दिवस माझे आहेत. पंतोजीच्या माथी मारून मी सुटणार नाही. यापुढं जो कोणी लेकराला बाहेर बसवील, त्याच्याशी माझं वैर. तो आमच्या वाड्याचा असो, नाहीतर मी स्वतः असो.