तापवलेलं दूध आणि माझी अक्कल

"बाळ प्रीमॅच्युअर आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणजे दिवस भरायच्या आत आलेलं. "आतडं अजून नाजूक आहे. पावडरचं दूध सध्या नको. आईचंच हवं."

मुलगी काचेच्या पेटीत, नाकात नळी. आणि माझ्या बायकोला, रूपालीला, दूध उतरेना.

"मिल्क बँकेतलं देऊ. दुसऱ्या आयांनी दान केलेलं, पाश्चराइज करून." म्हणजे बासष्ट-त्रेसष्ट अंशांवर अर्धा तास तापवून लगेच गार केलेलं. जंतू मरतात.

मी सिल्वासाच्या यार्न कंपनीत धागा तापवायच्या मशीनवर असतो. तापमान म्हटलं की तोंड आवरत नाही. "मग सरळ उकळतच का नाही?"

"मग कामाचं फार काही उरणार नाही. एवढ्या तापानंसुद्धा रोगाशी लढणारे घटक थोडे कमी होतातच. तरी पावडरपेक्षा बरं."

कमी होतात, तर तापवता कशाला? नाही तापवलं, तर जंतू! मी मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं.

रूपालीला दवाखान्यातून सामरवरणीला घरी सोडलं, मुलगी पेटीतच राहिली. एका सकाळी तिला दूध उतरलं. पिळून पिळून बाटलीचा तळ झाकला. "लगेच पोचवा हो," म्हणाली आणि डोळे मिटून पडली.

मी विचार केला, लोकांचं दूध तापवून देतात आणि आपलंच कच्चं न्यायचं? चहाच्या पातेल्यात ओतलं, गॅस लावला. वळून बघेस्तोवर उकळलं. निम्मं पातेल्यालाच चिकटलं.

उरलेलं बाटलीत भरून दवाखान्यात नेलं. सिस्टरनं बाटली हातात घेतली. "गरम कशी?" मी छाती काढून सांगितलं.

"अरे भाई, आ शुं कर्युं! काय केलंत हे! सख्ख्या आईचं दूध तिच्या बाळाला कच्चंच देतात. अनोळखी बाईचं तापवतात."

बाटली बेसिनमध्ये रिकामी झाली. घरी सांगितलं तेव्हा रूपाली आधी रडली. मग म्हणाली, "साय तरी आली का?"

त्या दिवशीही मुलगी दुसरीच्याच दुधावर राहिली. ती बाई कोण, सांगत नाहीत. सांगितलं असतं तर पाया पडलो असतो. तुमच्यावर अशी वेळ आली तर दानाच्या दुधाला नाही म्हणू नका. घरचं दूध न्यायचं तर सिस्टर सांगेल तसं, थंड ठेवून न्या. स्वतःची अक्कल घरी ठेवा.

हळूहळू रूपालीचं दूध वाढलं. नळीतून थोडं तिचं, थोडं बँकेचं. दर वेळी पोट फुगतं का, म्हणजे दूध बाधतं का, हे बघत आम्ही काचेबाहेर उभे. फुगलं नाही.

मग सिस्टर मला म्हणाली, "शर्ट काढा." याला कांगारू केअर म्हणतात, बाळाला उघड्या छातीशी धरायचं. माझ्यावर विश्वास? मी मागे वळून बघितलं. दुसरं कोणी नव्हतं.

चिमणीएवढा जीव छातीवर आला. पोटात कुठलं दूध काय करत होतं, मला आजही नीट सांगता यायचं नाही. तिला उचकी लागली. मी जागच्या जागी थिजलो.

"भाई," सिस्टर म्हणाली, "ती श्वास घेते आहे. आता तुम्ही पण घ्या."