चांदीचं पिवळं पाणी

"मावशी, कोट काढा. आता तो मला घरी नेऊन धुवावा लागणार."

नगरच्या एका कॉलेजातली रसायनाची प्रयोगशाळा. कोट पीएचडी करणाऱ्या पोरीचा. मी तिथं काचेची भांडी धुणारी. पंचेचाळिशीची घोडी, तिचा पांढरा कोट चढवून कपाटाच्या काचेत मुरडत होते. सापडले. कोट उतरवला, घडी घातली, वर म्हणाले, "चुकलं ताई." लेकीच्या वयाची पोर, आणि ताई! आज आजी झालेय; तेव्हाची ती मी भेटले तर माझ्याच थोबाडीत देईन.

जळायचे मी त्या पोरीवर. लई जळायचे. ती चांदीचे कण बनवायची, डोळ्याला दिसणार नाहीत इतके बारीक. बर्फातल्या चंबूत चांदीचं द्रावण थेंब थेंब सोडायची आणि नितळ पाणी पिवळंधमक व्हायचं. हे हिच्याच हाताला का? माझ्या हाताला नुसत्या साबणाच्या भेगा? जळत जळत मी तिची हालचाल न हालचाल पाठ केली. नवऱ्याकडं कधी एवढं टक लावून पाहिलं नव्हतं.

मग एकदा पाणी पिवळं होईना. आठवडाभर गढूळ, राखाडी. तिच्या गाइड सरांसमोर ती म्हणाली, "मावशींनी चंबू नीट धुतले नाहीत. ह्या लोकांना स्वच्छता कळत नाही." सरांनी मान हलवली.

खरं कारण मला ठाऊक होतं. मी शेवटी डिस्टिल्ड पाण्यानं विसळायचे. त्या आठवड्यात ती घाईत वापरलेला चंबू नुसता नळाखाली धरून परत घ्यायची. नळाला बोअरचं खारं पाणी. आमच्या वस्तीवर तसल्या पाण्यात डाळ शिजत नाही. तिच्या घरी फिल्टर, तिला खारं पाणी काय माहीत. मीठ लागलं की चांदी बिघडते. आठवडाभर पाहत होते, आणि गप्प. तिचं बिघडतंय म्हणून मनात गुदगुल्या! गाढवीण. शेवटी माझ्याच गळ्यात आलं.

मी दोन चंबू पुढं ठेवले. एक मी धुतला, एक तिला रोजच्यासारखा धुवायला लावला. दोन्हींत तिनंच चांदी सोडली. माझ्यात पिवळं. तिच्यात राख. माफी कुणी मागितली नाही. तिनं वहीत लिहिलं, पाण्याचा दोष सापडला. कुणाला सापडला, ते नाही.

"माझं नाव लिहा," मी म्हणाले. "तवर एक चंबू धुनार न्हाई."

ती हसली. मी हात पुसून स्टुलावर बसले. तीन दिवस सिंक भरत गेलं. चौथ्या दिवशी सरांनी नाव लिहिलं, पेन्सिलीनं. मी पेन पुढं केलं.

ती डॉक्टर झाली. मी अजून जळते, जळणारच. पण गप्प बसून नाही. माझं काम जिथं दुसऱ्याच्या नावावर चढेल, तिथं मी हात पुसून बसणार.